बाहीला लागलेला खडू

२ जून

आदरणीय ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची धाकटी बहीण आणि मी एकोणीस वर्षं एकाच मठात राहिलो, एकाच दवाखान्यात राबलो, एकाच टेबलाशी जेवलो. ती तुम्हाला नुसतं ‘ताई’ म्हणायची, म्हणून मीही तसंच लिहिलं. चालेल ना?

मदरांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. ‘प्रभूने तिला आपल्याकडे बोलावून घेतलं’ एवढंच त्यात असतं. आमच्याकडे म्हातारपणाने कोणी गेलं तरी तेच वाक्य जातं. खरं काय झालं ते पाहिलेल्या माणसाने तुम्हाला कळवावं, असं मदर म्हणाल्या. पाहणारी मी.

तापाची साथ आल्यापासून आम्ही आवारातल्या जुन्या बैठ्या शाळेत वेगळा वॉर्ड केला होता. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत झगा, मास्क, चष्मा. सगळ्या सिस्टर एकसारख्या दिसायच्या आणि पेशंट बिचकायचे. तुमची बहीण आत शिरताना शीळ घालायची, म्हणजे त्यांना कळायचं की हीच आली. मठात शीळ घालायला मनाई आहे. मदरांनी तिला दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा ऐकू आलंच नाही असं दाखवलं. आम्ही तिला शिट्टी म्हणायचो.

वॉर्डात गेलेलं माणूस परत येत नाही, सिस्टर सुई टोचून मारतात, असं वस्तीत पसरलं होतं. गेलेल्यांना बंद पिशवीतून थेट पुरायला द्यायचं असा सरकारी नियम होता. घरच्यांना तोंड दिसत नव्हतं. आपल्या माणसाचं तोंडही न दिसलेल्याच्या मनात काय काय येत असेल, ते आम्ही ओळखायला हवं होतं. ओळखलं नाही.

१४ मे, बुधवार, दुपारी साडेतीन. पन्नास-साठ माणसं फाटक ढकलून आत आली. पुढे आमचा बेकरीवाला होता. त्याची बायको आठ दिवसांपूर्वी गेली होती. ‘तोंड दाखवा, तोंड दाखवा’ असं सगळे ओरडत होते. तुमची बहीण बाहेर आली, दाराला कुलूप लावलं, पायरीवर उभी राहिली आणि मास्क काढला. म्हणाली, ‘हे माझं तोंड. तुमची माणसंही दाखवते. तिघं तिघं या, मी झगे देते.’ दोघंजण पुढे झालेही होते. तेवढ्यात मागून वीट आली. ती खाली बसली आणि सगळ्यात आधी तिने किल्ली गटाराच्या जाळीतून आत टाकली. पुढचं मी लिहीत नाही. आत अकरा पेशंट होते. ते दार शेवटपर्यंत कोणाला उघडता आलं नाही.

मी त्या वेळी समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होते. सगळं दिसलं.

आता कामाचं. बिशपसाहेबांच्या कचेरीतून चौकशीसाठी एक फादर आले आहेत. तिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेली, म्हणून जाहीर करावं असं चाललं आहे. त्यासाठी धोका कळत असताना ती आपल्या मर्जीने तिथे थांबली, हे दाखवावं लागतं. तिची पत्रं तुमच्याकडे असतील तर पाठवाल का?

तिच्या मठातली एक सिस्टर


२० जून

बाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. ‘मला ताई म्हणायचं नाही. तो हक्क फक्त तिचा.’ बरं, नाही म्हणणार. चिठ्ठी उलटी केली तर मागे छाती, कंबर, बाही असं छापलेलं. तुम्ही कपडे शिवता हे ती सांगायची. ‘आमची ताई टेप लावतच नाही, नुसतं बघून माप घेते’ म्हणायची.

तुम्ही लिहिता, आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं तुम्ही एकटीने काढलं, आणि जी घरची आजारी टाकून जगाचे आजारी पुसायला गेली तिला संत करायला तुमचा हात लागणार नाही. माझ्यासमोर ती याबद्दल एकदाच बोलली. आम्ही दोघी भांडी घासत होतो. म्हणाली, ‘मी देवाच्या हाकेला ओ दिली म्हणतात सगळे. घरात आईपण हाका मारत होती की.’ मग शीळ घालायला लागली.

चिठ्ठीच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, ‘त्या दिवशी पाळी कोणाची होती?’ खाली दोन रेघा मारल्या आहेत.

आमचा नियम सांगते. वॉर्डात एक आठवडा आत, तीन आठवडे बाहेर. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जेवणघरातल्या फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लिहितात. स्वयंपाक, कपडे, वॉर्ड, फाटक. आपलं नाव तिथे का आलं, हे आमच्यात कोणी विचारत नाही. आज्ञा पाळायची शपथ घेतलेली असते. नाव आलं की उठायचं आणि जायचं. त्या आठवड्याला वॉर्डापुढे तिचं नाव होतं. जिची पाळी होती ती सिस्टर आजारी पडली होती, असं काहीतरी होतं. त्या धावपळीतलं सगळं आता नीट आठवत नाही.

पत्रांचं तेवढं मनावर घ्या. फादर त्यांच्यासाठीच थांबले आहेत.


९ जुलै

बाई,

तुमची दुसरी चिठ्ठी. ती अशी: ‘तिची पत्रं मी कधी फोडली नाहीत. मशीनच्या खणात टाकत होते. ती गेल्यावर एका दुपारी सगळी फोडली. ३ मेच्या पत्रात लिहिते, उद्यापासून आठवडाभर वॉर्ड. म्हणजे दहा तारखेला ती बाहेर यायला हवी. चौदाला आत काय करत होती? आजारी कोण होतं?’

बाई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या.

आजारी मी होते. ताप नव्हता, पण अंग मोडून आलं होतं. आणि फळा लिहिणारीही मीच. सतरा वर्षं लिहिते आहे, अक्षर बरं म्हणून. पूर्वी मदर सांगायच्या आणि मी लिहायचे. साथीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तेव्हा कोणाला कुठे पाठवायचं तेही माझ्यावरच आलं. पाळी माझी होती. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून माझ्या जागी तिला लिहिलं. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. आजारपणात अशी अदलाबदल होतच असते.

फादरांनीही मला हाच प्रश्न केला. ‘तिला पाठवलं, का ती आपणहून गेली? नुसती पाठवलेली असेल तर प्रकरण अडेल.’ माझी साक्ष २० ऑगस्टला आहे, बायबलवर हात ठेवून. मी आजारी होते आणि ती आनंदाने गेली, असं सांगणार आहे. आनंदाने गेली यात खोटं काही नाही. शीळ घालतच गेली.

तुम्हाला एक कळवायचं राहिलं. त्या अकरा जणांपैकी दोघं तापाने गेले. नऊ जण चालत घरी गेले. त्यात बेकरीवाल्याची आई आहे. तो तुरुंगात आहे आणि म्हातारी रोज आमच्या फाटकाशी येऊन बसते. आत येत नाही आणि काही मागतही नाही.


१ ऑगस्ट

बाई,

या वेळी तुमची एकच ओळ. ‘अंग मोडून आलेली बाई मेच्या उन्हात ओल्या चादरी गच्चीवर नेते?’

तीन दिवस ती चिठ्ठी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली होती. पुस्तक उघडायची चोरी झाली. आता लिहूनच टाकते.

मी आजारी नव्हते. माझं डोकंसुद्धा दुखत नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्या दोघी सिस्टर तापाने गेल्या होत्या. दुसरी औषधं वाटायची, आम्ही तिला बुटकी म्हणायचो. तिचं शेवटचं मीच केलं. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ती मला ओळखत नव्हती. माझं मनगट धरून मला कुणाच्या तरी नावाने शिव्या घालत होती. तेव्हापासून वॉर्डाच्या दाराशी गेलं की मी झग्याच्या गाठी पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहायचे. एक आठवडा मी जीव मुठीत धरून काढला होता. आता १० मेला माझी पाळी पुन्हा आली.

त्या शनिवारी जेवणघरात कोणी नव्हतं. मी फळा लिहायला घेतला. स्वयंपाक लिहिलं, कपडे लिहिलं, फाटक लिहिलं. वॉर्डापुढे माझं नाव लिहिलं. ते मी लिहिलं होतं, बाई, एवढं तरी माझ्या बाजूने धरा. मग त्या नावाकडे बघत उभी राहिले. फळा पुसायचं ओलं फडकं स्वयंपाकघरात असतं, ते आणायला गेले असते तर कोणीतरी विचारलं असतं. म्हणून बाहीनेच पुसलं. तिथे तिचं नाव लिहिलं. तिचंच का, तर नियम काही असो, तिच्याशिवाय दुसरं कोणी तोंडावर विचारल्यावाचून राहिलं नसतं. हे मला लिहिताना नीट माहीत होतं.

ती त्याच संध्याकाळी वॉर्डातून सुटून आली होती. ब्लीचने हातांची सालं निघालेली. जेवायला बसली, फळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, घास चावत राहिली. मग म्हणाली, ‘आज अक्षर जरा तिरकं आलंय हं.’ बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला झगा घेऊन आत गेली.

आणखी एक खोटं दुरुस्त करते. सगळं दिसलं असं मी लिहिलं होतं. वीट लागली, किल्ली जाळीत गेली, तिथवर दिसलं. मग मी चादरीच्या मागे गेले. ओली चादर तोंडाला चिकटली होती, तीच दातांत धरली. पुढचं मी ऐकलं. सात-आठ मिनिटं चाललं असेल. ती ओरडली नाही, असं सगळीकडे छापून आलं आहे. ती ओरडली. आईला हाक मारत होती. येशूची आई, का तुमची, ते मला सांगता येणार नाही.

हे सारं मी पापनिवेदनात सांगितलं आणि क्षमा मिळाली. कबुली ऐकणाऱ्या जाळीपलीकडच्या फादरांना ते कुठे बोलता येत नाही. तुमच्यावर तसं बंधन नाही. हे पत्र तुम्ही उद्या चौकशीच्या कचेरीत धाडलंत तर माझं तोंड काळं होईल. त्याची तयारी ठेवली आहे. पण माझी खरी अडचण निराळी आहे. मी साक्षीत गप्प बसले तर शपथेवर खोटं बोलते. खरं सांगितलं तर तिची रक्तसाक्ष माझ्यामुळे बुडते. कागदावर ती एक फसवून पाठवलेली बाई उरते. एकदा तिचा जीव घेऊन झाला, आता हेही माझ्याच हातून व्हायचं.

काय करू, असं तुम्हाला विचारायचा मला अधिकार नाही. तरी विचारते.


१८ ऑगस्ट

बाई,

पाकीट आज पोचलं. चिठ्ठी वाचली. ‘हे तिचं ११ मेचं पत्र. मला १६ला मिळालं. चौकशीत वाचायचं तर तुम्हीच वाचायचं, मोठ्याने. एक शब्द गाळायचा नाही. माझ्याबद्दलचाही नाही.’

म्हणजे पहिल्या चिठ्ठीपासून हे पत्र तुमच्याकडे होतं. पाळी कोणाची होती ते तुम्हाला ठाऊक असणार, आणि तरी तुम्ही मला एकेक टाका उसवायला लावलात.

पाकीट तुम्ही दोऱ्याने शिवून बंद केलं आहे. इतकी बारीक शिवण मी चर्चमधल्या वेदीवरच्या पांढऱ्या कापडावरही पाहिलेली नाही. उसवल्याशिवाय ते उघडत नाही आणि उसवलेलं लपत नाही. आत काय असेल, याचा मी सकाळपासून विचार करते आहे. तिने माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? ती मला कधी टाकून बोलली नाही, पण बहिणीजवळ माणूस खरं बोलतं.

स्वयंपाकघरातला स्टोव्ह माझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे. आज मी दोनदा तिथवर जाऊन आले. एकदा स्टोव्ह पेटवलाही. स्वयंपाकाच्या सिस्टरने विचारलं, काय हवंय. म्हटलं, गरम पाणी. मग ते पाणी प्यावं लागलं.

साक्ष परवा सकाळी दहा वाजता आहे. जाईन की नाही, ते आज लिहवत नाही.


३० ऑगस्ट

बाई,

गेले.

कचेरीत फादर, आमच्या मदर आणि लिहून घेणारे कारकून, असे तिघंच होते. मी आधी माझं सांगितलं. फळा, बाही, चादर, सगळं. मदरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. फादर म्हणाले, ‘सिस्टर, याचा परिणाम तुम्हाला कळतो ना?’ मी म्हटलं, कळतो, पण अजून एक पत्र वाचायचं आहे. कारकुनांकडे ब्लेड मागितलं आणि तुमची शिवण उसवली. दोनदा बोटाला लागलं. पहिल्या पानाच्या कडेला डाग आहे तो त्याचा आहे, माफ करा.

तुम्हाला ते पत्र पाठ असेल. तरी मी ते कसं वाचलं ते तुम्हाला कळावं म्हणून इथे उतरवते.

‘ताई, आमच्याकडे फळा लिहिणारी एक आहे. अक्षर मोत्यासारखं आणि जीव चिमणीएवढा. काल तिने स्वतःचं नाव पुसून माझं लिहिलं. तिला वाटतं कुणाला कळलं नाही. बाहीला खडू लागला होता, अगदी तुझ्या लागायचा तसा, कापड बेतताना. म्हटलं, हिला चांगली फैलावर घ्यावी, आठ दिवस आत राहून माझे हात सोलवटलेत. पण त्या बाहीकडे बघून तोंडच उघडेना.’

इथे फादर म्हणाले, ‘पुढचं घरगुती दिसतंय, सोडलंत तरी चालेल.’ मी म्हटलं, चालणार नाही, बाईंनी बजावलं आहे.

‘आईच्या वेळी मी पण माझं नाव पुसलं होतं, ताई. तिथे तुझं आपोआप लिहिलं गेलं. तू चार वर्षं उभी राहिलीस आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. नुसती बोलायची थांबलीस. मला हा एक आठवडा जड नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. फाटकाशी रोज माणसं जमतात आणि त्यांचे डोळे मला आवडत नाहीत. मदरांना सांगितलं तर त्या आत्ता मला बाहेर काढतील आणि त्या घाबरटीला आत घालतील. पेशंट तिचे पाय लटपटताना बघून अर्धे मरतील. मी नाही सांगणार. एकदा पळून झालंय. ताई, एकदा तरी दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.’

वाचून झालं. मग फादर म्हणाले, ‘म्हणजे तिला माहीत होतं. मदरांना एक शब्द सांगितला असता तर ती सुटत होती.’ त्यांनी कारकुनांसाठी मला बाहीची ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मग पळाल्याची ओळ. प्रकरण पुढे जाणार आहे. इतके दिवस जे झाकायला मी धडपडत होते, तेच त्यांनी पुरावा म्हणून लिहून घेतलं. मला यात आनंद मानता येत नाही, बाई. ती असती आणि प्रकरण नसतं तर बरं होतं.

मदरांनी खडू माझ्याकडून काढून घेतला. आता फळा दुसरी सिस्टर लिहिते. साथ ओसरली आहे, पण वॉर्डात अजून चौघं आहेत. तिथे माझं नाव सलग दुसऱ्या आठवड्याला आलं आहे. का आलं ते मी विचारलं नाही. मला शीळ घालता येत नाही, म्हणून आत शिरताना दारावर टकटक करते.

पत्र सोबत परत पाठवते आहे. ते तुमचं आहे. चौकशीसाठी त्यांनी नक्कल ठेवून घेतली. मी माफी मागत नाही. तुम्ही ती द्याल म्हणून भीती वाटते, आणि नाही द्याल म्हणूनही.

फक्त एक करून आले, ते सांगते. तिने तुमच्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. तुमच्या ओळी आल्या त्या मला. तिची पाळी मी तिच्यावर टाकली आणि तिच्या वाटची तुमची पत्रं मी घेतली. म्हणून साक्षीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या चारही चिठ्ठ्या घेऊन दफनभूमीत गेले. तिच्या मातीवर अजून दगड बसवलेला नाही, नुसता लाकडी क्रूस आहे. बेकरीवाल्याची आई आधीच तिथे बसली होती. ती थोडी सरकली, मी शेजारी बसले. चारही चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, शब्द न गाळता. पाळी कोणाची होती, आजारी कोण होतं, सगळं. तुम्ही मोजून लिहिता, त्यामुळे फार वेळ लागला नाही.

सुरुवात पहिल्या चिठ्ठीच्या पहिल्या ओळीपासून केली. ‘मला ताई म्हणायचं नाही. तो हक्क फक्त तिचा.’ ती तेवढी दोनदा वाचली.

फळा लिहीत असे ती